आठ जणींची ज्युरी

‘द ग्रुप’ पहिल्यांदा बघायला बसणाऱ्याने हाताशी कागद-पेन्सिल ठेवलेली बरी. सिनेमा सुरू होतो न होतो तोच आठ मुली एकदम पडद्यावर येतात आणि आठही जणी एकाच वेळी बोलायला लागतात. के, डॉटी, प्रिस, पॉली, लिबी, हेलेना, पोकी, लेकी. यातली बरीचशी नावं लाडाची, त्यामुळे लक्षात ठेवायला अधिकच अवघड. पोकी कोण आणि प्रिस कोण याचा उलगडा होईपर्यंत एकीचं लग्न लागून गेलेलं असतं आणि दुसरी नको त्या माणसाच्या खोलीचा जिना चढत असते.

दिग्दर्शक सिडनी लुमेट, साल १९६६. याच लुमेटने १९५७ साली आपल्या पहिल्या सिनेमात बारा पुरुषांना एका खोलीत कोंडलं होतं. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. आपल्याकडे तो ‘एक रुका हुआ फैसला’ म्हणून घराघरात पोचला. त्या बारा जणांना सिनेमाभर कोणी नावाने हाक मारत नाही, तरी दीड तासात बाराही जण आपल्या वाड्यात राहून गेल्यासारखे ओळखीचे होतात. इथे मात्र आठ जणींना नावं आहेत, आडनावं आहेत, घरं, आया, टोप्या, सगळं आहे, आणि तरी आपला गोंधळ. मला आधी वाटलं, लुमेटला बायका जमत नसाव्यात. मग हळूहळू लक्षात आलं, की गड्याने पुन्हा ज्युरीचाच सिनेमा काढलाय. या ज्युरीला खोली नाही, वेळेचं बंधन नाही, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पाळीपाळीने तिच्यातलीच एक उभी असते.

पहिली पाळी ‘के’ची. जून १९३३. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावचं व्हासार कॉलेज, तेव्हा फक्त मुलींचं, आणि मुलीही बहुतेक बड्या घरच्या. पदवी हातात पडून आठवडा होतोय तोच के लग्नाला उभी राहते. मुलगा हॅरल्ड, नाटकवाला. म्हणजे नाटकं लिहितो, ती रंगमंचावर येण्याचं तेवढं राहतं. लग्नाला ना तिच्याकडचे आईवडील ना त्याच्याकडचे. उरल्या मैत्रिणी. त्या चर्चच्या बाकांवर बसून जे करतात त्याला लग्नाला हजर राहणं म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात. आपल्याकडे रुखवत मांडतात ते अशा मंडळींची सोय व्हावी म्हणूनच. तिथे रुखवत नाही, त्यामुळे बिचाऱ्यांना वधूचा झगा, वराचा चेहरा आणि रिकामे बाक एवढ्यावरच भागवावं लागतं. पण भागवतात. आणि के सुद्धा त्या बाकांकडे बघूनच लग्न करते. आपण सगळ्यांत आधी, सगळ्यांत धाडसी, हे त्या सात जणींच्या डोळ्यांत उमटलेलं तिला बघायचंय. हॅरल्ड त्यासाठी लागणारं सामान. लॅरी हॅगमनने हा हॅरल्ड असा केलाय, की तो बोलायला लागला की घड्याळाकडे बघावंसं वाटतं. तोच माणूस त्या दिवसांत टीव्हीवर ‘आय ड्रीम ऑफ जीनी’मध्ये बाटलीतल्या जिनीचा गोंधळलेला, सोज्वळ मालक होता, हे आठवलं की त्याच्या नटपणाला सलाम करावासा वाटतो.

मूळ कादंबरी मेरी मॅकार्थी यांची, १९६३ सालची. बाई स्वतः व्हासारच्या, १९३३च्याच तुकडीतल्या. त्यांनीही पदवीनंतर आठवड्याभरात लग्न केलं होतं, नवरा नाटकातलाच, आणि नावही हॅरल्डच. लेखक लोक नावं बदलण्याचे निदान कष्ट घेतात. बाईंनी तेही घेतले नाहीत. पुस्तक जवळजवळ दोन वर्षं खपाच्या यादीत राहिलं, काही देशांत त्यावर बंदी आली, आणि त्यांच्या वर्गभगिनी आपापले नाक-डोळे त्यात शोधत बसल्या. काहींना सापडलेही. एलिझाबेथ हार्डविकने टोपणनावाने त्या पुस्तकाचं विडंबन लिहिलं, आणि ती मॅकार्थीबाईंची मैत्रीण होती. मैत्रिणींवर पुस्तक लिहिलं की त्यावर पहिला घाव मैत्रिणीचाच बसणार, हा हिशेब तसा चोखच म्हणायचा.

गंमत म्हणजे त्याच १९३३ साली आपल्याकडे ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं होतं. विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या शिकल्या महर्षी कर्व्यांच्या संस्थेत. शिकलेल्या, वय वाढलेल्या, कमावत्या आणि तरीही घरच्यांच्या मर्जीने चालणाऱ्या मुलींच्या मनात काय चाललंय हे त्यांनी लिहिलं आणि गावभर आग लागली. ही विभावरी कोण, बाई की बुवा, याचा छडा लावण्यात मराठी वाचकांनी जेवढी शक्ती खर्च केली तेवढी त्या मुलींच्या प्रश्नांवर केली असती तर... असो. पोकिप्सी आणि पुणे यांच्यात हजारो मैलांचं अंतर. तिकडच्या मुलींकडे पैसा होता, स्वतंत्र खोल्या होत्या, मनाला येईल तसं वागायची मुभा होती. पण शिकून झालं, आता पुढे काय, या प्रश्नापाशी दोन्हीकडच्या मुली एकाच वर्षी उभ्या होत्या, आणि दोन्हीकडे उत्तर द्यायला पुरुषच पुढे सरसावले होते.

या सिनेमातला प्रत्येक पुरुष एकेक सिद्धांत घेऊन येतो. आठही मुली चांगल्या शिकलेल्या, तर्कशास्त्र कोळून प्यालेल्या. सिद्धांत म्हटला की त्यांची मान आपोआप खाली जाते, वही उघडते.

डॉटीचं बघा. बोस्टनची सभ्य मुलगी. ‘के’च्या लग्नात डिक ब्राउन नावाचा चित्रकार भेटतो, आणि ती त्याच्या खोलीवर जाते. त्याचा सिद्धांत असा, की प्रेमाबिमात पडायचं नाही, बाकी सगळं व्यवस्थित, शास्त्रशुद्ध करायचं. तो तिला संततिनियमनाचं रबरी साधन डॉक्टरकडून बसवून आणायला सांगतो. डॉटी शहाण्या विद्यार्थिनीसारखी जाते. के सोबत असते, कारण ‘के’ला जगातल्या प्रत्येक विषयाची अद्ययावत माहिती असते. साधन मिळतं. ते पुडकं घेऊन डॉटी डिकला फोन करते. तो घरी नाही. ती वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बागेत बाकावर बसून वाट बघते. अंधार पडतो. पुडकं मांडीवर. ते घेऊन परत जायचं कुठे, मुलींच्या वसतिगृहात? शेवटी ती ते तिथेच टाकून निघून जाते. जोन हॅकेट या नटीने ती बसलेली डॉटी इतकी सरळ पाठीने बसवलीय की हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. पाठीचा कणा तेवढा व्हासारचा, बाकी सगळं कोलमडलेलं.

हे पुडकं त्या काळी अमेरिकेत उजळ माथ्याने फिरत नव्हतं. आपल्याकडे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, आणि ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं १९२७ मध्ये. वडिलांनी मुलींना शिकवायला घेतलं, मुलाने पुढचा धडा घेतला. समाजाने वडिलांना पुढे भारतरत्न दिलं आणि मुलाला कोर्टात खेचलं. न्यूयॉर्कमध्ये याच कामासाठी दवाखाना काढणाऱ्या मार्गारेट सँगरबाई १९३५च्या डिसेंबरात थेट वर्ध्याला आल्या, गांधीजींशी वाद घालायला. गांधीजींनी त्यांना संयमाचा उपाय सांगितला. डॉटीच्या डिकने निदान तो सांगितला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने नोंदवून ठेवू.

प्रिसचा नवरा स्लोन बालरोगतज्ज्ञ. म्हणजे घरातच सिद्धांताचा कारखाना. त्या काळात तिकडच्या वरच्या वर्गात बाळाला बाटली लावायची पद्धत. अंगावर पाजणं मागासलेपणाचं. स्लोनला मात्र सिद्ध करायचंय, की कुठलीही स्त्री अंगावर पाजू शकते, आणि त्यासाठी हाताशी असलेली स्त्री म्हणजे प्रिस. वर घड्याळ. चार चार तासांनीच पाजायचं, मधे बाळ रडलं तर रडू द्यायचं, उचलायचं नाही. हे त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. जॉन वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली पुस्तक लिहून आयांना बजावलं होतं, की मुलांचे फार पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका. तर प्रिस दवाखान्यातल्या खाटेवर पडलेली, पलीकडच्या खोलीत बाळ टाहो फोडतंय, आणि ही घड्याळाकडे बघतेय. एलिझाबेथ हार्टमनचे ते मोठाले डोळे. मुळात प्रिस जराशी अडखळत बोलणारी, त्यामुळे तिच्या तोंडून नकार बाहेर पडायच्या आत समोरच्याचं व्याख्यान संपून निकालही लागलेला असतो. वॉटसनसाहेबांना आमच्या आजीच्या हाताखाली सव्वा महिना काढायला लावायला हवा होता. तिच्यापुढे सिद्धांत मांडायला तोंड उघडलं असतं तर तिने त्यात अळिवाचा लाडू कोंबला असता आणि म्हणाली असती, “रडतंय ना ते? मग घे की गं त्याला.”

पॉलीचा गस प्रकाशनसंस्थेत संपादक. बायकोपासून वेगळा राहणारा, आणि मनोविश्लेषकाकडे नेमाने जाणारा. तिथे कोचावर पडून त्याला बोलायला काही सुचत नाही, पैसे मात्र जात राहतात. शेवटी तो बायकोकडे परत जातो, आणि नेमक्या त्याच सुमाराला पॉलीचे वडील, ज्यांचं मन अधूनमधून उसळतं नि बुडतं, तिच्याकडे कायमचं राहायला येतात. शर्ली नाइटची पॉली या सगळ्यात रडत नाही, चहा करते. आठ जणींत मला घरी न्यावीशी वाटली ती हीच. गसशी तिचं जे काही चाललं होतं ते ती लिबीपासून लपवते. लिबी म्हणजे या टोळक्याचं वार्तापत्र. सकाळी कळलेलं दुपारपर्यंत तिच्या पोटात राहत नाही. आणि गस-पॉलीची गाठ पडली होती लिबीच्याच पार्टीत!

इथे मला हा सिनेमा खरा वाटायला लागला. या मुलींना एकमेकींचं सगळं ठाऊक आहे. कोण किती भाडं भरते, कोणाची आई काय म्हणाली, ‘के’ला मेसीजच्या दुकानात किती पगार मिळतो. ठाऊक नाही ते नेमकं तेच, जे ठाऊक असायला हवं. डॉटी बाकावर बसली होती हे कोणाला कळत नाही. कळतं ते एवढंच, की तिने ॲरिझोनातल्या एका विधुराशी लग्न ठरवलं. हेलेनाला पार्टीत स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं, की हॅरल्ड दुसऱ्याच बाईच्या मिठीत आहे. ती कोणाला बोलत नाही. का? तर ‘के’ने लग्न ज्या दिमाखात केलं होतं, त्या दिमाखाचा मान राखायचा म्हणून. ज्युरीपुढे एकदा निर्दोष सुटलेल्या माणसाचा खटला पुन्हा उघडायचा नाही, असा काहीतरी अलिखित नियम असावा.

आमच्या वसतिगृहाच्या मैत्रिणींचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. कोणाच्या मुलाला किती टक्के पडले, कोणी कुठल्या दुकानात पैठणी बघितली, कोणाच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडलं, हे आम्हाला घरबसल्या कळतं. त्यातल्या एकीचा घटस्फोट झाल्याचं मात्र कळलं ते तिच्या नावापुढचं आडनाव बदललं तेव्हा. तोवर ती रोज सकाळी न चुकता गुलाबाचं फूल पाठवत होती. फोन केला, म्हटलं, “अगं, बोलायचंस ना आधी!” तर म्हणाली, “तुमच्याशी? तुम्ही सगळ्या मांडवात पहिल्या रांगेत बसून कशा बघत होतात ते आठवतंय मला.” आणि खळखळून हसली. मग तिनेच विषय बदलला. मुलीला पुण्यात खोली बघायची होती, कोणाच्या ओळखीचं कोणी आहे का? ते काम मात्र ग्रुपने तासाभरात केलं. तीन पत्ते, एक मेसवाली, एक नात्यातली काकू.

नंतरच्या सिनेमा-मालिकांनी ही गोष्ट पार बदलून टाकली. आता मैत्रीण रडायला लागली की बाकीच्या तिघी रात्री अकरा वाजता आइस्क्रीमचा डबा घेऊन दारात हजर. ‘सेक्स अँड द सिटी’च्या कँडेस बुशनेलने ‘द ग्रुप’च्या एका नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली आहे, म्हणजे घराणं एकच. पण न्यूयॉर्कसारख्या शहरात चार कमावत्या बायकांना दर आठवड्याला एकत्र बसून निवांत नाश्ता कसा जमतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. आमचं एक स्नेहसंमेलन ठरायला दोन दिवाळ्या जातात, आणि ठरलं की कोणाची तरी सासू पडते.

‘द ग्रुप’मध्ये कोणी धावून येत नाही. एकदाच एक येते. हॅरल्ड भांडणानंतर ‘के’ला फसवून मनोरुग्णांच्या वॉर्डात भरती करतो. ती आत अडकलेली, बाहेर कोणाला पत्ता नाही. सकाळी दार उघडून तपासणीसाठी तंत्रज्ञ येते, ती पॉली! तिची नोकरीच त्या रुग्णालयात. एक मैत्रीण दुसरीच्या अडीअडचणीला पोचली ती ड्यूटी लागली म्हणून. दोघी एकमेकींकडे बघतात तेव्हा पहिले काही क्षण संकोचच दोघींना पुरून उरतो. कादंबरीत हा भाग फार बारकाईने येतो. सिनेमा जरा घाईने उरकतो. लुमेट घाईचाच माणूस. पॉलीन केल ही जबरी चित्रपट-समीक्षक चित्रीकरणाच्या वेळी सेटवर ठाण मांडून बसली होती. तिने लिहिलेला लांबलचक लेख, ज्या मासिकाने मागवला होता त्यांनी छापला नाही. पुढे तो तिच्या १९६८च्या पुस्तकात आला. त्यात दिग्दर्शकाची जी झाडाझडती आहे ती वाचली की वाटतं, नववी मैत्रीण हीच.

आणि लेकी? ती तर या ज्युरीची सरपंच. कँडिस बर्गनचा हा पहिलाच सिनेमा, वय जेमतेम एकोणीस-वीस, आणि नुसतं उभं राहण्यातसुद्धा अशी ऐट की बाकीच्या आपोआप झगे सारखे करतात. ही ‘के’च्या लग्नानंतर लगेच युरोपला जाते आणि सिनेमाभर गायब असते. तरी प्रत्येकीच्या डोक्यात एकच, लेकी काय म्हणेल? १९४० साली युद्धामुळे ती बोटीने परत येते. मैत्रिणी धक्क्यावर नटूनथटून उभ्या, सात वर्षांचा हिशेब द्यायला जणू. लेकी उतरते, सोबत एक धिप्पाड बॅरोनेस. आधी वाटतं, बोटीवरची ओळख असेल. मग एकेकीच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. जिच्या निकालाची सात वर्षं धास्ती घेतली, तिने आपलं स्वतःचं प्रकरण कधी सुनावणीला येऊच दिलं नव्हतं. मग यांची तारांबळ. म्हणजे ही आपल्याला मनातून हसत होती की काय? आणि जेवायला बोलवायचं तर दोघींना जोडीने बोलवायचं का? शेजारी बसवायचं की समोरासमोर? धक्का बसला तरी पंगत कशी मांडायची हा विचार सुटत नाही, हे मॅकार्थीबाईंनी अचूक पकडलंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांत के खिडकीतून पडून मरते. व्हासार क्लबच्या उंच मजल्यावरून आकाशातली विमानं न्याहाळत होती म्हणतात. तोल गेला की आणखी काही, ते सिनेमा सांगत नाही. मैत्रिणी पुन्हा जमतात. कादंबरीत त्या ‘के’ला कुठला झगा घालायचा यावर बराच वेळ काथ्याकूट करतात. शेवटी लेकी आपला ठेवणीतला, फॉर्च्युनीचा झगा देते. आयुष्यभर ज्या कपड्यांवर नजर होती ते या वेळी मात्र कोणी नावं न ठेवता, चौघींनी धरून नीट चढवले.

दफनाला जाताना हॅरल्ड लेकीच्या गाडीत बसतो. बायको गेली त्यापेक्षा त्याला एकच गोष्ट कुरतडतेय, की लेकीचं आणि ‘के’चं कॉलेजात काही होतं का. तो विचारतो, आडून विचारतो, चिडून विचारतो. लेकी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, रस्त्याकडे बघत गाडी चालवते. सात वर्षं प्रत्येक विषयावर भाषण ठोकणारा हा गृहस्थ शेवटी गाडी थांबवायला लावून भर रस्त्यात उतरतो आणि ती त्याला तिथेच सोडून पुढे निघून जाते. नाटकवाल्याला प्रेक्षकाने दादच दिली नाही तर त्याचं तोंड कसं होतं, हे बघायचं असेल तर तेवढ्यासाठी अडीच तास बसायला माझी काही हरकत नाही. कागद-पेन्सिल तोवर कोचाखाली गेलेली असते.